उजव्या दारातला स्पीकर

वहिनीला सख्खा दीर एकच. पण बाजारात तिला दीडशे दीर झालेत. चहावाला वहिनी म्हणतो, सीटकव्हरवाला वहिनी म्हणतो, टायरवाल्याचा सत्तरी गाठलेला बाप, जो तिचा सासरा शोभेल, तोही विचारतो, "काय वहिनी, जेवलात का?" भावजींनी दुकानात मारलेली हाक सव्वीस वर्षांत रस्ताभर पसरली आणि तिचं नाव फक्त बँकेच्या पासबुकात उरलं. एकदा कुरिअरवाला तिच्या नावाचं पाकीट घेऊन आला, तर भावजी म्हणाले, "अशी कुणी बाई इथे नाही."

ती आतून ऐकत होती. दात-ओठ खात बाहेर आली, सही केली, पाकीट घेतलं आणि आत गेली. भावजी हसले. "अरेच्चा! वहिनी, तुम्ही होय!"

दुकान गाड्यांमधल्या आवाजाचं. पुढे काउंटर, काचेचं कपाट, फिरती खुर्ची आणि भावजी. मागे दोन गाड्या जेमतेम मावतील अशी पत्र्याची शेड, आणि तिथे वहिनी. गिऱ्हाईक पुढे येतं, भावजींशी बोलतं, किल्ली भावजींना देतं आणि संध्याकाळी भावजींचे आभार मानून जातं. मधल्या वेळात गाडीत जे काही घडतं ते जणू आपोआप घडतं.

लग्न झालं तेव्हा हे काम नवरा करायचा. डॅशबोर्डखाली डोकं खुपसायचं, पाय सीटवर टाकायचे आणि वटवाघळासारखं उलटं लटकून वायरी शोधायच्या. वहिनी शेजारी बॅटरी धरून उभी. एक दिवस ती म्हणाली, "अहो, ती नव्हे, तिच्या शेजारची." नवरा म्हणाला, "तू गप गं." शेजारचीच निघाली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा नवऱ्याच्या पाठीचा मणका सरकला, त्याने पक्कड तिच्या हातात दिली आणि स्टुलावर बसला तो परत वाकलाच नाही. पुढे एका गोदामात नोंदी ठेवायच्या नोकरीला लागला. ती मात्र तिथेच, उलटी लटकलेली.

पण कामात ती वाघीण. त्यातही एका कामात तिचा हात धरणारं कुणी नाही: कंपनीचा स्टिरिओ आहे तिथेच ठेवून आवाज बदलायचा. हल्लीच्या गाड्यांत तो स्टिरिओ काढता येत नाही. त्याच पडद्यावर मागचा कॅमेरा दिसतो, एसी त्याच्यातच, स्टिअरिंगवरची बटणं त्यालाच बांधलेली. म्हणजे माणूस तोच ठेवायचा आणि त्याचा फक्त गळा बदलायचा. स्टिरिओच्या मागून स्पीकरला जाणाऱ्या वायरींतून आवाज उचलायचा, सीटखाली अँप्लिफायर बसवून त्यात न्यायचा आणि तिथून दारांतल्या नव्या स्पीकरना द्यायचा.

"ऐकायला सोपं आहे," वहिनी म्हणते. "लग्नसुद्धा ऐकायला सोपंच असतं."

कारण कंपनीचा स्टिरिओ लबाड. आवाज वाढवत न्यावा तसा हळूच खालचा बेस कमी करतो, कंपनीचे कागदी स्पीकर फाटू नयेत म्हणून. मग ती पेन ड्राइव्हवर एकसुरी आवाज भरून आणते, एकेक आकडा वर चढवत कान लावते, कुठे चोरी सुरू होते ते पकडते आणि अँप्लिफायर त्या हिशेबाने लावते. आणि वायरीच्या रंगावर तर तिचा काडीचाही विश्वास नाही. भिंतीवरच्या घड्याळातला साधा सेल काढायचा, स्पीकरच्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. स्पीकरचा पडदा बाहेर उडाला तर सेलच्या अधिकाकडची वायर अधिक. आत गेला तर उलटं. प्रत्येक गाडी, प्रत्येक दार.

"किती वेळ घालवता हो वहिनी," भावजी म्हणायचे. "जिच्यावर रंगाचा पट्टा ती वायर वजा. जगजाहीर आहे."

"जग वायरी जोडायला येतं का तुमच्याकडे?"

त्या महिन्यात तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. ती तीन दिवस माहेरी गेली. नेमकी त्याच वेळी एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची गाडी आली. वहिनी येईपर्यंत थांबा, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की दुकान कुणाच्या जिवावर चालतं हे तोंडाने कबूल करायला लागतं. भावजींनी बाह्या सरसावल्या आणि गाडी स्वतः केली.

वहिनी परतली तेव्हा भावजींनी सांगितलं, "एक गाडी मीच उरकली. काही अवघड नसतं हो." ती आईच्या औषधांच्या वेळा फोनवर समजावत होती. तिने नुसती मान हलवली.

महिनाभराने ती एका जीपच्या डॅशबोर्डखाली होती, तोंडात दोन स्क्रू धरून. पुढून आवाज आला.

"अहो, मी तिसऱ्यांदा आलेय." बाईचा आवाज होता, शांत. "नव्या स्पीकरपेक्षा जुने बरे होते. खालचे सूर ऐकूच येत नाहीत. गाणारं माणूस आधी समोर बसल्यासारखं वाटायचं, आता खिडकीबाहेर उभं राहून गातंय."

"ताई, मी मागेच सांगितलं ना," भावजी म्हणाले. "स्पीकर नवे आहेत. नवी चप्पल चावते, तसंच. आणि कानालाही सवय व्हावी लागते."

"महिना झाला हो."

"होतं होतं. शिवाय कसंय..." भावजींनी आवाज खाली आणला. पत्र्याच्या शेडला मात्र खालचा आवाज जास्त ऐकू येतो. "आत आमच्या वहिनी काम करतात. आता घरचंच माणूस, बोलता येत नाही. बायकांचा हात, थोडं इकडचं तिकडं होतं. मी बघतो."

जीपमध्ये काहीतरी खणकन आपटलं.

वहिनी बाहेर आली ती तोंडातले स्क्रू थुंकतच. गुडघ्याला काळं, केसांत धूळ, कपाळावर डॅशबोर्डच्या कडेचा लाल वळ.

"कुणाचा हात?"

"वहिनी, तुम्ही आत..."

"मी आतच असते. कुणाचा हात, ते विचारतेय."

भावजींनी कपाटातल्या खोक्यांकडे पाहिलं. खोकी काही बोलली नाहीत.

वहिनी बाईंकडे वळली. "तुमची गाडी मी केलेली नाही. मी गावालाच नव्हते. किल्ली द्या."

गाडी शेडमध्ये आली, मागोमाग भावजीही. तिने बाईंना चालकाच्या जागी बसवलं आणि स्वतः दाराशी उकिडवी बसली. "तुमच्या ओळखीचं काहीतरी लावा. जे झोपेतही ओळखाल असं." बाईंनी त्यांच्या एका विद्यार्थिनीचं गाणं लावलं.

"आता पडद्यावर बॅलन्स आहे ना, तो पूर्ण डावीकडे न्या. खालचे सूर आहेत?"

"आहेत की!"

"आता पूर्ण उजवीकडे."

"आहेत. चांगले भरदार आहेत."

"आता मधे आणा. दोन्ही."

बाईंनी बोट मधे आणलं आणि खालचा आवाज पाणी जिरावं तसा जिरला. त्यांनी पुन्हा डावीकडे नेलं. पुन्हा मधे. पुन्हा.

"दोघेही एकेकटे शहाणे," वहिनी म्हणाली. "एकत्र आले की एक हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. खालचा सूर मधल्यामध्ये मरतोय. एका दाराच्या वायरी उलट्या जोडल्यात."

तिने दारांची पॅनेलं उतरवली, घड्याळातला सेल काढला, दोन्ही दारांत त्याचा अधिक बिनपट्ट्याच्या वायरीकडे ठेवून टेकवला. डावा पडदा टप्पकन बाहेर आला. उजवा आत गेला. या गाडीत कंपनीने उजव्या दाराला पट्ट्याची वायर अधिक दिली होती. जग चुकलं होतं. सीटखाली हात घालून तिने दोन वायरींची अदलाबदल केली. मिनिटभराचं काम.

गाणं पुन्हा लागलं. गाणारी मुलगी काचेमागून येऊन त्यांच्या समोर बसली होती, आणि बाई तिच्याकडे बघत असल्यासारख्या समोरच्या पत्र्याकडे बघत होत्या. मग त्यांनी गाणं बंद केलं.

"मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हे म्हणाले ना, कानाला सवय होईल म्हणून. मला वाटलं, माझेच कान चालले. वय झालं. महिनाभर मी वर्गात कुणाला चूक सांगितली नाही. एक मुलगी सुरातून सरळ खाली उतरत होती आणि मी गप्प बसले. म्हटलं, आपल्यालाच ऐकू येत नसेल." त्या भावजींकडे वळल्या. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय केलंत?"

"ताई, गैरसमज..."

"ताई म्हणू नका मला."

बाई गेल्या. जाताना वहिनीच्या काळ्या हातावर हात ठेवून गेल्या. शेडच्या दारात भावजी उभे होते, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"गिऱ्हाइकासमोर माझी अब्रू काढलीत."

"माझी कुणासमोर काढली होतीत? भिंतीसमोर?"

"एक शब्द इकडेतिकडे झाला. धंद्यात बोलावं लागतं."

"चुकलात त्याचं मला काही नाही, भावजी. पहिल्या वर्षी मीही दोन स्पीकर जाळलेत. पण तुमची चूक तुम्ही माझ्या हातावर पुसलीत. हात काय पायपुसणं आहे?"

संध्याकाळी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. ती विळीवर भाजी चिरत होती, भाजीचे तुकडे परातीबाहेर उडत होते.

"जाऊ दे," तो म्हणाला.

विळी थांबली.

"काय काय जाऊ देऊ? यादी करून द्या. पाकीट जाऊ दिलं. नाव जाऊ दिलं. गिऱ्हाईक तुमच्या भावाच्या पाठीवर थाप मारतं, ते रोज जाऊ देते. आता हातही जाऊ देऊ?"

"तो लहान आहे गं."

"पन्नाशी आली लहानाची!"

नवरा उठून आत गेला. भांडणात तो नेहमी पाठीचं कारण काढतो. आज तेही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी आली. मालक औषधं विकत दिवसभर गाडीतून फिरणारा, उंच, घाईतला. भावजींनी त्याला खोकी दाखवली, ठरवून टाकलं आणि किल्ली मागे आणून दिली.

"दोन दारं, एक अँप्लिफायर. कंपनीचा स्टिरिओ तसाच. चारपर्यंत द्यायचीय."

"मालकाला पाठवा."

"मालक मीच आहे, बोला."

"गाडीचा मालक. त्याच्याशी बोलल्याशिवाय यापुढे मी गाडीला हात लावणार नाही. काय करणार ते मी त्याला सांगणार, आणि काही बिघडलं तर तोही मलाच विचारणार."

"तो घाईत आहे हो!"

"मग लवकर पाठवा."

ती हत्यारांच्या पेटीवर बसली. हाताची घडी. दहा वाजले. गिऱ्हाईक काउंटरपाशी येरझाऱ्या घालत होतं. भावजींनी नवऱ्याला फोन लावला. "दादा, समजाव जरा." पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, भावजींनी फोन काउंटरवर पालथा ठेवला. साडेदहाला ते मागे आले, पेटीजवळचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. वहिनी बघत राहिली. त्यांनी दार उघडलं. वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं. तिथे चाळीसेक वायरी होत्या, अर्ध्यांना पट्टे. त्यांनी दार लावलं आणि स्क्रूड्रायव्हर होता तिथे ठेवला.

"तुम्ही दुकान बुडवणार," ते म्हणाले.

"कोण बुडवतंय ते काल बघितलं."

अकराला गिऱ्हाईक स्वतःच वैतागून आत शिरलं. त्याच्या मागोमाग भावजी. त्याने शेडभर नजर फिरवली: जीप, पत्रे, टांगलेल्या वायरी, पेटीवर बसलेली बाई. नजर तिच्यावरून घसरून पुढे गेली.

"फिटर कुठे आहे?"

वहिनी उठली. राग तिच्या मानेवर अजून लालबुंद होता, तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

"मी. गाडीत तुम्ही काय ऐकता? गाणी, बातम्या, फोनवरची बोलणी? एकटेच असता की मागे कुणी बसतं?"

माणूस गोंधळला. मग भावजींकडे तोंड करून सांगायला लागला, "त्याचं काय आहे, जास्त वेळ फोनच..."

वहिनी दोन पावलं चालून बरोबर त्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"इकडे बघून सांगा."