वन्सं आणि बंटीची दाढ

माझ्या थोरल्या नणंदेइतकी कुत्र्यामांजरांच्या तोंडात डोकावलेली बाई अख्ख्या गाझियाबादेत दुसरी नसेल. माणसांचे चेहरे वन्सं विसरतात, कुत्र्याची दाढ नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लोक योगासनं करतात, काशीला जातात. वन्संनी बोटाला फडकं गुंडाळून सोसायटीतल्या मांजरांचे दात घासायला घेतले. बागेत कुणी भेटलं की आधी त्याच्या कुत्र्याचा ओठ वर उचलायचा, मग मालकाला नमस्ते. एका पंजाबी शेजारणीने घाबरून सांगितलं, "आँटीजी, यह काटता है." वन्सं वाकलेल्याच राहून म्हणाल्या, "काटेगा किससे? दाँत तो सारे हिल रहे हैं." कुणाकडे पिल्लू आलं की मऊ ब्रश आणि जनावरांची पेस्ट घेऊन त्या हजर. वर ताकीद: "आपली पेस्ट लावू नका. ती थुंकायची असते, आणि याला थुंकता येत नाही."

मला हे सगळं रिकामपणाचं वाटे. पण एका हिवाळ्यात गुडगावला आमच्या घरी बंटीने खाणं सोडलं. बंटी माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा म्हातारा कुत्रा. सासूबाई गेल्यापासून दोघं एकाच वेळी जेवत. तो ताटलीचा वास घेऊन मागे सरकायचा आणि मग अण्णाही पोळी अर्धी टाकून उठायचे. आता त्याला त्रास नको, शांतपणे जाऊ दे, असं माझ्या नवऱ्याचं मत पडलं. मलाही ते पटलं होतं.

शनिवारी वन्सं आल्या. शालही न काढता खाली बसल्या आणि त्यांनी बंटीचा ओठ उचलला.

"ताई, वय झालंय त्याचं," नवरा म्हणाला.

"वय दुखत नाही. दाढ दुखते."

दाढ मुळापर्यंत सडली होती. काढायची तर भूल द्यावी लागेल, आणि या वयात तो जागा होईलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही सगळे अण्णांकडे बघत होतो आणि अण्णा लेकीकडे. एरवी दातांवर तासभर बोलणाऱ्या वन्संनी बंटीचं डोकं मांडीवर घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "अण्णा, उपाशी जाण्यापेक्षा..." अण्णांनी मान हलवली.

बंटी जागा झाला. दोन-तीन दिवसांनी त्याने मऊ भात चाटूनपुसून खाल्ला आणि अण्णांनी आमटी मागून घेतली. पुढचा हिवाळा त्याने पाहिला. गेला तो झोपेत, भरल्या पोटी.

वन्सं अजून शनिवारी येतात. बसल्या की हात सवयीने खुर्चीखाली जातो, रिकामाच परत येतो. परवा मी बाकरवडी ठेवली, तर त्या ती चहात बुडवून डाव्या गालात धरून बसल्या. मी म्हटलं, "वन्सं, तोंड उघडा बघू."

"काही नाही गं. वय झालं आता."

कोपऱ्यातून पेपरमागून अण्णांचा आवाज आला, "वय दुखत नाही."

मी फोन उचलून डेंटिस्टची वेळ घेतली. वन्संनी उरलेली बाकरवडी बशीत ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "तू बरोबर येशील ना? आत बोलावेपर्यंत तरी?"