आट्यांची झीज

माणूस थापा मारतो, मायक्रोमीटर मारत नाही, असं दशांश म्हणायचा. दशांश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला हा टर्नर चहात साखर किती, असं विचारलं तरी ‘एक पूर्णांक चार चमचे’ म्हणायचा, म्हणून वर्कशॉपने त्याचं बारसं केलं होतं.

तो निवृत्त झाल्यावर लोक भंगारात सापडलेले जुने, केसाची जाडीही मोजणारे मायक्रोमीटर त्याच्याकडे आणत. कंपनीचं नाव तो शेवटी वाची. आधी रेघा पाही, ठशाने उठवलेल्या की यंत्राने कोरलेल्या. मग अंगठा टेकून टेकून कमानीवर पडलेला काळपट डाग शोधी. मग डोळे मिटून मापाची नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवी. ज्या मापावर मालकाने जन्म काढला, तिथे आतले आटे झिजतात आणि नळी केसभर सैल लागते. ‘हा बारा मिलिमीटरच्या पिना करायचा,’ असं त्याने सांगितलं की समोरचा तोंडात बोट घाली.

त्याचा एकुलता एक मुलगा दूरच्या गावी लेथवरच होता. काविळीचं निमित्त झालं आणि छत्तिसाव्या वर्षी गेला. महिन्याभराने सून आली आणि तिने पिशवीतून एक मायक्रोमीटर काढून टेबलावर ठेवला. तो दशांशचाच, दाब आपोआप थांबवणारा रॅचेट नसलेला, सगळी भिस्त बोटांवर ठेवणारा. मुलगा नोकरीला निघाला तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, दशांशने स्वतः त्याच्या बॅगेत घातला होता. त्यानंतर बापलेकांचं फोनवरचं बोलणं ‘जेवलास का’च्या पुढे कधी सरकलं नाही. पोरगा कसा कारागीर झाला, हे बापाला ठाऊकच नव्हतं. आता ते सांगणारं एवढंच उरलं होतं.

“काय माप असायचं गं त्याच्या कामाचं?”

“आठ मिलिमीटरचे बुश आणि पिना. दिवसभर तेच.”

त्याने डोळे मिटले आणि नळी फिरवली. वीस मिलिमीटरच्या पुढे ती सैल लागली. ती झीज त्याची स्वतःची, ओळखीची. आठाशी मात्र नळी घट्ट. पुन्हा फिरवली. घट्टच. अवजार तेल लावून लख्ख ठेवलेलं, पण अकरा वर्षांत पोराने त्यावर एक मापही घेतलेलं नव्हतं.

“त्याने हे कधी वापरलंच नाही,” तो म्हणाला. “एवढा राग होता माझा?”

“राग कसला, बाबा? दर रविवारी तेल लावायचे. मी म्हणायची, वापरा की. तर म्हणायचे, ‘बाबांनी सांगितलंय, हात तयार झाल्याशिवाय याला हात लावायचा नाही. झाला की तेच सांगतील.’”

दशांश हे वाक्य प्रत्येक शिकाऊ पोराला म्हणायचा. कधी जोर देऊन, कधी नुसतं चिडवायला. आणि तीनेक महिन्यांत पोराच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचा, ‘हं, घे आता.’ आपल्या पोराला निघताना पहिलं वाक्य तेवढं सांगून झालं होतं. दुसरं राहून गेलं. आपण ते बोललो होतो, हेसुद्धा तो विसरून गेला होता.

“त्यांनी केलेलं काही आहे का तुझ्याकडे?” मुलाला तो आयुष्यात पहिल्यांदा अहोजाहो करत होता, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

सुनेने किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक छोटी पोलादी पिन अडकवलेली होती. त्याने ती शर्टाच्या आतल्या, स्वच्छ टोकाने पुसली आणि मायक्रोमीटरच्या तोंडात धरली. मग दोन बोटांनी नळी टेकवली आणि खिडकीच्या उजेडात नेली. आठ. रेघेला रेघ.

खात्री पटेना म्हणून त्याने पिन फिरवून तीन ठिकाणी मोजली. तिन्हीकडे आठ.

“हं, घे आता,” तो म्हणाला, आणि मायक्रोमीटर कुणाच्या हातात द्यावा हे न कळून तसाच धरून बसला.