रायपूरची न दिलेली गवाही

देवाधर्मावर लिहावं इतकं माझं वाचन नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी पेंटेकॉस्टल ख्रिस्ती लोकांचा विषय घेतला होता. पवित्र आत्मा आजही माणसाला भेटतो, आजार बरे करतो, असं हे लोक मानतात. ब्राझील, कोरिया, नायजेरिया इथल्या मंडळ्यांबद्दल मी वाचलं होतं. त्यांचं देवाविषयीचं चिंतन ग्रंथाच्या आधी गाण्यात आणि साक्षीत घडतं, असं त्यात होतं. माझा प्रश्न एकच होता. प्रार्थना करूनही माणूस बरा झाला नाही, तर हे लोक देवाबद्दल काय म्हणतात? ते विचारायचंच, असं ठरवून मी गोंदियाहून रायपूरच्या गाडीत बसलो.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. कार्यालयांच्या नव्या पाट्यांना अजून रंगाचा वास येत होता. चौबे कॉलोनीत मावशीकडे उतरलो. तिने गरम फरा (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) वाढला.

"काहून रे, देव शोधाले इतक्या दूर आला? घरचे पुरले नाहीत का?"

"अभ्यास आहे, मावशी."

"हव (बरं). मंग पोटभर खाऊन जा. उपाशी माणसात आत्मा लवकर शिरते!"

रविवारी सकाळी पुरानी बस्तीपलीकडच्या एका पाऱ्यात (वस्तीत) सभा होती. पत्र्याचा हॉल, सतरंज्या, ढोलक. सगळे एकाच वेळी मोठ्याने आपापली प्रार्थना करत होते. मला एक शब्द लागेना. मग गवाही (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगणं) सुरू झाली. पाहुणा म्हणून सभा चालवणाऱ्या पास्टर भैयांनी मलाही उठवलं.

"मी गोंदियाहून आलो."

"हल्लेलुया!"

"माझी एक शंका आहे."

"हल्लेलुया!"

पुढचं सगळं टाळ्यांत बुडालं. मी घाम पुसत खाली बसलो. शेजारच्या बाई पदराआड हसत होत्या.

"भाऊ, इथं उभं राहिलं की गवाहीच समजतात. शंका बसून विचारायची."

त्या सरितादीदी. माहेर तुमसरचं, म्हणून मराठी बोलत होत्या. मांडीला टेकून आठ वर्षांची मुलगी बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं. बुधवारी कानाची शस्त्रक्रिया होती. पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून म्हणाल्या, "दीदी, विश्वास है तो आज ही गवाही दे दो. चंगाई (आजारातून बरं होणं) मिल गई, बोल दो."

"नाही देत," दीदी म्हणाल्या. "पोट्टीले ऐकू आलं तर देईन. झालंच नाही ते झालं कसं म्हणू? देवासमोर लबाडी करू का?"

बाई पुटपुटत वळल्या. दीदींनी मुलीचा हात घट्ट धरला होता.

सभा संपल्यावर मी धीर करून पास्टर भैयांना प्रश्न विचारला. त्यांनी दाराशी उभ्या दीदींकडे बोट दाखवलं.

"किताब से जवाब दूँ तो आपका काम आज ही हो जाएगा. मगर जवाब मेरा नहीं, दीदी का है. रुक सकते हो?"

सुट्टी संपत होती, म्हणून मी दीदींना पत्ता लिहून दिला.

"चांगलं झालं तरच कळवू का?" त्यांनी विचारलं.

"काहीही झालं तरी कळवा." इतक्या ठामपणे मी आजवर कोणाशी बोललो नव्हतो.

परत आल्यावर प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, शेवटचं प्रकरण पुस्तकांवरून भरून टाक. मी नाही म्हटलं. सरांना नाही म्हणायची ती पहिलीच वेळ. विमानाने जग फिरलेल्या विद्वानांचे ग्रंथ टेबलावर होते, आणि मी एका बाईच्या पत्राची वाट पाहत होतो. देवाविषयी बोलायचा अधिकार ज्याच्यावर वेळ आली आहे त्याचा आधी, हे मला त्या पत्र्याच्या हॉलात पटलं होतं.

दोन महिन्यांनी पत्र आलं.

"भाऊ, शस्त्रक्रिया झाली. पोट्टीले ऐकू येत नाही. मी लय रडली. देवाशी भांडली, तीन रविवार सभेत गेली नाही. काल गेली अन् उभी राहिली. सांगितलं, कान बरा झाला नाही. माझं मागणं थांबलं नाही. अन् ज्याच्याशी भांडून राहिली, तो मले सोडून गेला नाही. एवढी गवाही खरी आहे. लिहून घे."