तीस मजल्यांखालचा चौक

युरोपातल्या एका राजधानीत तीस मजली सरकारी कचेरी आहे. तिच्या तळमजल्यावरची भिंत रंगवायला मला, सूर्यमाळच्या बाईला, बोलावलं होतं. गेरू आणि घरचे तांदूळ पिशवीत घालून गेले. विमानतळावरच्या लोकांनी गेरूची पुडी हुंगहुंग हुंगली. म्हटलं, हुंगा बाबांनो, माती आहे!

इमारत इतकी उंच, की वर बघताना डोक्यावरचा पदर घसरला. साहेबांना भेटायला वर नेलं, तेव्हा लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. मजा वाटत होती. मग साहेबांनी मोबाइलवर फोटो दाखवला, आम्हाला हेच हवं म्हणाले. तो लग्नाचा चौक होता. झाली का पंचाईत!

आमच्यात हा देवीचा चौक फक्त लग्नघराच्या भिंतीवर काढतात, तोही सवाशिणीने. मला तो सासूने शिकवला. पुढे आजूबाजूच्या पाड्यांवरून मलाच बोलावणं यायचं. नवरा गेला आणि बोलावणं थांबलं. विकायच्या कापडावर झाडं, कोंबड्या, नाचणारी माणसं हवी तेवढी काढते, चौक नाही. चार वर्षं हात नुसता शिवशिवतोय.

दुभाषी बाई म्हणाली, "काढा हो, इथे कोण बघतंय?"

"मी बघते ना!" मी तिच्यावर खेकसले. साहेब म्हणाले, मग भिंत कोरीच राहील. मला रडूच आलं.

शेवटी सासूला व्हिडिओ कॉल लावला. ती रेंजसाठी टेकाडावर येऊन बसली. सगळं ऐकून म्हणाली, "लगीन कोनाचा हाय?"

दुभाषी बाई विचारत विचारत तिथल्या झाडूवालीला घेऊन आली. तिच्या लेकीचं लग्न शनिवारी होतं.

"मंग मोबाइल भिंतीला लाव," सासू म्हणाली. "तुझा सासरा जिता हाय. मी सवाशीण. पयली रेघ माझी." तिने कॅमेऱ्यापुढे बोट धरून खाली ओढलं. त्या बोटामागून मी तांदळाच्या पिठात बुडवलेली काडी ओढली. शनिवारच्या आत चौक पुरा केला. झाडूवालीची लेक होणाऱ्या नवऱ्याला घेऊन बघून गेली.

परवा आमच्या पाड्यात लग्न निघालं. मी सवयीने बाहेर चुलीपाशी बसले होते. सासूने तांदळाच्या पिठाची वाटी आणून माझ्या पुढ्यात आदळली. बायका कुजबुजल्या.

"तिकडं चालला, तो इकडं नाय चालत?" ती ओरडली आणि मला मनगटाला धरून भिंतीपाशी घेऊन गेली.

पहिल्या रेघेला तिने मनगट सोडलं नाही. दुसरीला सोडलं.