मागच्या खोलीतले पाळणे

लहान मुलांच्या वस्तूंचं दुकान काढलं की किस्से जमवावे लागत नाहीत. गिऱ्हाईक वस्तू घेऊन जातं आणि गोष्ट आमच्याकडे ठेवून जातं. मी आणि माझी धाकटी जाऊ कुंदा, आम्ही दोघींनी देवळीत बसस्टँडजवळ असं दुकान टाकलं तेव्हा गावात केबल नुकतीच आली होती आणि सिरियलमधल्या मुलांच्या खोल्या घरोघरी दिसायला लागल्या होत्या. रंगीत पाळणे, कार्टूनचे पडदे, हत्तीच्या आकाराची स्टुलं! लाकडाचं सगळं काम गजाननभाऊ सुतार करायचे.

पण आपल्याकडे न जन्मलेल्या बाळासाठी आधी काही घरी आणत नाहीत. म्हणून लोक यायचे, पाळणा पसंत करायचे आणि तसेच जायचे. आम्ही त्याला नाव न लिहिता फक्त एका रंगाची रिबीन बांधायचो, हलू नये म्हणून पाळण्याची दोरी गाठ मारून घट्ट करायचो आणि मागच्या खोलीत ठेवायचो. बाळ झाल्याचा निरोप आला की गाठ सोडायची.

नागपूरचा एक एजंट ही पद्धत ऐकून पोट धरून हसला. शहरात म्हणे लोक तीन महिने आधीच खोली सजवून ठेवतात. बोलता बोलता त्यानं समोरचा नवा पाळणा बोटानं ढकलला. कुंदानं तो लगेच हातानं थांबवला.

"रिकामा हालवू नाई, भाऊ. कोनीबी येऊन निजते."

त्यानं चहा अर्धा ठेवला. पुढे माल बसनं पाठवायचा, स्वतः कधी आला नाही.

सिंदीच्या एका गणिताच्या मास्तरांनी छताला चिकटवायचे रेडियमचे तारे नेले होते. पाकिटात बरोबर वीस. आठवड्यानं तक्रार घेऊन आले की चार वर्षांची मुलगी रोज बावीस मोजते. गणिताच्या मास्तरांच्या घरात हे चालायचं कसं! त्यांनी भरदुपारी खिडक्या लावून स्वतः मोजले, वीसच भरले. मग मुलीला विचारलं, जास्तीचे दोन कोणते? ती म्हणाली, "जे मिटतेत अन् उघडतेत ते."

मी हसले, मास्तर हसले नाहीत. पाकीट बदलून देऊ का विचारलं तर म्हणाले, ते राहू द्या, छत रंगवणारा कोणी माहीत असेल तर सांगा.

गजाननभाऊंनी एकदा मुलांच्या कपाटावर माणसाएवढा जोकर रंगवला. ज्या घरात तो गेला तिथली सून त्याच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर घ्यायची. आम्ही दोघींनी तिची भरपूर थट्टा केली. दोन महिन्यांनी तिनं कपाट परत पाठवलं. गजाननभाऊंनी जोकरचा चेहरा जवळून पाहिला.

"म्या याचे डोये समोर काढले होते," ते म्हणाले. "हा तं दाराकडे पाहून राह्यला."

रंग ओला असताना कोणी हात लावला असेल, असं मी म्हटलं. त्यांनी त्याच दिवशी पॉलिश पेपरनं चेहरा घासून टाकला.

जिराफाचा किस्सा जरा बरा आहे. उंची मोजायची ती लाकडी जिराफाची पट्टी एका शेतकऱ्यानं भिंतीला ठोकली, आणि त्याची म्हातारी आई दर महिन्याला दोन्ही नातवंडांच्या खुणा करू लागली. दिवाळीनंतर तो घाबराघुबरा दुकानात आला. पोरगी पट्टीवर खाली येऊन राह्यली, म्हणाला. गजाननभाऊ घरी जाऊन पाहून आले. सणासाठी भिंत रंगवताना त्यांनी पट्टी काढून पुन्हा थोडी वर ठोकली होती, म्हणून खूण उतरली! आम्ही पोटभर हसलो. कुंदाच तेवढी म्हणाली, "मंग पोराची काऊन नाई उतरली?"

कुंदा अशी घाबरट झाली त्याला कारण होतं. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या वेळी तिनं स्वतः हिरव्या रिबिनीचा पाळणा निवडला, स्वतःच्या हातानं गाठ मारली आणि पुन्हा मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

त्या खोलीत निळ्या रिबिनीचाही एक पाळणा होता. रोहण्याच्या एका जोडप्यानं पसंत केलेला. त्यांचं बाळ जन्मलं आणि तासाभरात गेलं, एवढंच आम्हाला कळलं. ते काही आले नाहीत. तो पाळणा विकायला मन होईना आणि सोडायला हात धजेना, म्हणून चार वर्षं तसाच बांधलेला होता.

कुंदाला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं आणि ती दोन दिवस अडली. दुसऱ्या दुपारी दिराचा फोन आला, डॉक्टर काही सांगत नाहीत म्हणून तो रडत होता. बाळंतीण अडली की माझी आई घरातल्या सगळ्या गाठी सोडायची. मी आयुष्यभर तिला हसले. त्या दुपारी मात्र सरळ मागच्या खोलीत शिरले. लोडशेडिंग होतं. अंधारात चाचपडत पाळणा शोधला आणि दातांनी ओढून ती गाठ सोडली.

अर्ध्या तासात पुन्हा फोन वाजला. मुलगी झाली, दोघी सुखरूप! मी एकटीच दुकानात रडले. मग लाइट आले आणि मी आनंदानं आत गेले. हिरव्या रिबिनीच्या पाळण्याची गाठ जशीच्या तशी होती. मी निळ्याची सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहण्याचं ते जोडपं दारात उभं. पाळणा न्यायला आलो, नवरा म्हणाला. तुम्हाला कोणी कळवलं, असं मी विचारलं, तर त्यानं बायकोकडे बोट दाखवलं. काल दुपारी ती जेवता जेवता उठली म्हणे, सुटला म्हणाली, आणि निघायची तयारी करू लागली.

तिनं पदराखाली काहीतरी छातीशी धरलं होतं. नवजात बाळाएवढंच. मला बरं वाटलं, देवानं पुन्हा दिलं म्हणून. किती दिवसांचं आहे, मी विचारलं.

"चार वर्सं झाले, बाई," ती म्हणाली. "हळू बोला. आत्ताच निजलं."