हातातल्या चावीची वाट बघणाऱ्या फिरदोसभाभी

आमच्या मलकापुरातला मुजीब बागवान काय काम करतो, हे मला चार वर्षं कळलं नव्हतं. घरी बसून तो संगणकाच्या अगदी पोटातलं काहीतरी लिहितो, एवढंच ऐकून होतो. पुढचं त्याला विचारून लिहितोय. चुकलं तर समज माझी कमी.

संगणकात कामापुरती जागा मागून घ्यायची आणि काम झालं की परत करायची. एकदाच. तीच जागा दोनदा परत केली तर ती पुढं दोघांना दिली जाते आणि दोघं एकमेकांचं पुसून टाकतात. असा दोनदा परत करणारा दिसला की ओरडायचं, असा पहारेकरी मुजीबनं दोन वर्षं खपून लिहिला होता. पण हल्ली कंपनीतली यंत्रं मध्येच थिजायची आणि पहारेकरी चकार शब्द काढायचा नाही. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर पहारेकरीच काढून टाकू, असं वरून कळवलं होतं.

गुरुवारी सकाळी त्यानं मला बोलावलं. अंगणात एक पातेलं, एक चावी. त्याची आई फिरदोसभाभी आणि बायको महेजबीन तयारच होत्या.

"काका, अम्मी पहारेकरी. तुम्ही पातेलं परत आणायचं. आपण मागून नेलेलं भांडं रिकामं परत देत नाही ना? म्हणून देताना आत साखर घाला. साखर दिसली की समजायचं, हे एकदा परत आलंय."

महेजबीनच्या हातात नियमांचा कागद होता. चावी हातात असेल त्यानंच पातेल्यात बघायचं, म्हणजे दोघांची गर्दी नको. ओरडायचं तरी आधी चावी घ्यायची, म्हणजे दोघांचा गलका नको.

मी साखर घालून पातेलं दिलं, उचललं, पुन्हा दिलं. भाभींनी चावी घेऊन आत पाहिलं.

"आवं भाऊजी, ह्यात तर साखर हाय! दोनदा आणलं तुमी!"

"अम्मी, असं नाही. नियमानं ओरडा," मुजीब म्हणाला.

"मग आन चावी." भाभींनी डावा हात पुढं केला.

"चावी तुमच्याच उजव्या हातात आहे," महेजबीन म्हणाली.

"ते कागदावर हाय का?"

"नाही. चावी गेलेली असेल तर येईपर्यंत गप उभं राहायचं, एवढंच आहे," महेजबीननं वाचून दाखवलं.

"मग मी उभी ऱ्हाते."

आणि त्या राहिल्या. महेजबीनलाही चावीवाचून काही करता येईना. चहा निवला. दूधवाल्या अंबूबाई फाटकातून म्हणाल्या, "काय गं, सासूला शिक्षा केलीस व्हय?" महेजबीन आणि मी हसलो.

मुजीब मात्र हसला नाही. आईकडं टक लावून बघत राहिला आणि एकदम अनवाणीच आत पळाला. त्याचा पहारेकरीही असाच हातातल्या चावीची वाट बघत उभा राहायचा, म्हणून यंत्र थिजायचं. पहारेकऱ्यानं आधी चावी खाली ठेवायची, मग ओरडायचं. दोन ओळींची जागा बदलायची होती, बस. खेळ संपला हे भाभींना सांगायचं मात्र राहून गेलं. त्या अर्धा तास तशाच.

शुक्रवारी दुपारी तो ओरडतच बाहेर आला. "चूक सापडली! पहारेकरी ओरडला!"

"दोनदा परत कोण करत हुतं?" भाभींनी विचारलं.

"मीच, अम्मी! गेल्या वर्षी दुसऱ्या कामात लिहिलेली माझीच ओळ!"

एवढ्या आनंदानं स्वतःची चूक सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. लिहिणाऱ्यालाच पकडणारा पहारेकरी काढायचा नाही, असं संध्याकाळी वरून कळवलं गेलं.