एक जूनच्या मुली

आडमाळवाडीत कुणालाही वाढदिवस विचारा, एक जून सांगेल. नेसरीच्या पलीकडचं हे गाव, सव्वाशे उंबऱ्यांचं. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो आणि केक कापायला कुणी उठत नाही, कारण ही तारीख आईने दिलेली नसते, शाळेने दिलेली असते. पोर पहिलीत घालायला आणलं आणि घरच्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये भरते, म्हणून तारीख एक जून. सरकारचा रकाना भरला, आईची सुटका झाली, पोर पाटीला लागलं. यात कुणाचं वाटोळं होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मेहमुदा नदाफ यांच्याही नव्हतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांचे वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. मुलगी डी.एड. झाली आणि आडमाळवाडीच्या दोनशिक्षकी शाळेत लागली. घरी अंगावर कापूस बसायचा, शाळेत खडूची पूड बसते, आमच्या नशिबी पांढरं अंग काही चुकत नाही, असं त्या हसत सांगतात. नवरा अल्लाउद्दीन शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. बाई आठवडाभर नेसरीत भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी शाळा सुटली की कोल्हापूरची एसटी धरायच्या.

दोन हजार चार सालच्या जूनमध्ये शाळेचा पट घसरला. पट घसरला की एक शिक्षक उचलला जातो, आणि उचलायचा तो नवा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नव्या होत्या बाई. त्या घरोघर फिरून पोरं गोळा करत होत्या, तेव्हा धोंडुबाई नावाच्या म्हातारीने आपली नात पुढे केली. भैरवी. पोर सीमेपलीकडे कर्नाटकातल्या आजोळी सुईणीच्या हातावर जन्मलेली, कुठे नोंद नाही. पण अंगाने उंच. हात डोक्यावरून नेला आणि बोटांची टोकं कानाला टेकली.

धोंडुबाई म्हणाली, अजून बारकी हाय ओ बाई, साडेचारचीच असंल. बाई म्हणाल्या, कान लागलाय की आजी. आणि त्यांनी दाखलखारीज रजिस्टरात आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, एक जून एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. पट भरला, बाईंची जागा वाचली. सात वर्षांनी भैरवीची धाकटी बहीण अदिती आली, तीही साडेचारचीच, नोंद नसलेली, तिलाही बाईंनी तसाच कान धरायला लावला. त्या वेळी तर जागेचीही धास्ती नव्हती. हाताला वळण पडलं होतं, एवढंच. आणि वळण पडलेल्या हाताला लाज नसते, हे मी माझ्या पदरचं सांगतो.

खोट्या तारखेचं बिल यायला बारा वर्षं लागली. दोन हजार सोळाच्या मे महिन्यात भैरवीचे वडील बाळासो शाळेत आले आणि वयाच्या पुराव्याला दाखला मागितला. बाईंनी रजिस्टर काढून दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. कशाला हवाय हे विचारायचं राहून गेलं. चार दिवसांनी कळलं, दोन जूनला भैरवीचं लग्न. कागदावर ती एक जूनला अठराची होणार, दुसऱ्याच दिवशी अक्षता. मुहूर्त भटजीने काढला असेल, पण वर्ष बाईंनीच काढून ठेवलेलं होतं.

बाईंनी मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावला. मांडवात बाईंसोबत ग्रामसेवक आणि दोन पोलीस आले. बाळासोंनी खिशातून दाखला काढून पुढे केला. हवालदाराने तो वाचला आणि बाईंकडे बघून म्हणाला, सही तुमचीच हाय की ओ. त्या क्षणी फक्त एवढंच बोलायचं होतं, की तारीख खोटी आहे आणि ती मीच घातलीय. पण तसं म्हटलं तर नोकरी जाणार. अल्लाउद्दीनच्या फौंड्रीत तेव्हा आठवड्यात तीनच दिवस काम होतं. हळदीने पिवळी झालेली भैरवी त्यांच्याकडे बघत होती, आणि बाई आपल्या चपलेकडे बघत होत्या. साडेसोळा वर्षांच्या पोरीवर अक्षता पडल्या तेव्हा त्या मांडवातच उभ्या होत्या.

वर्षाने भैरवी कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात होती. पहिलं मूल गेलं, ती स्वतः अठरा दिवस खाटेवर. सुट्टीचे दिवस होते, बाई रोज मंगळवार पेठेतून डबा घेऊन चालत जायच्या. बाराव्या दिवशी भैरवीने भाकरीचा तुकडा हातात धरून विचारलं, "बाई, तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

बाई हो म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हे खरं पहिल्यांदा बाहेर पडलं ते असं, दवाखान्यात, एका पोरीपुरतं.

त्यानंतर त्यांनी लिहायला घेतलं. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर गावातल्या एक जूनच्या मुलींची नावं काढली. एक्केचाळीस भरली. मग वही काखेत मारून प्रत्येकीच्या आईकडे जाऊन बसल्या. आयांना तारखा आठवत नसतात, पण बाकी सगळं आठवतं. कुणाची पोर महापुराच्या साली झालेली, कुणाची पाण्याची टाकी बांधली तेव्हा, कुणाची म्हैस विकली त्याच्या आदल्या दिवशी. त्यावरून बाईंनी खरे महिने जुळवले. कोल्हापूरच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचे लेख येऊ लागले, आणि लेख छापून होईपर्यंत बाई पुढच्या मांडवात हजर असायच्या. सहा वर्षांत त्यांनी नऊ लग्नं थांबवली. कधी समजावून, कधी ओरडून, एकदा तर नवरदेवाच्या गाडीसमोर खुर्ची टाकून बसून.

गाव काय हार घालणार होतं? पारावर त्यांना ऐकवलं गेलं, आधी तुमच्यात बघा की. बाई उठून गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बघितलंय. माझ्या नणंदेच्या रुबीनाचं लगीन मीच मोडलं. दोन वर्सं त्या घरात मला कुणी च्या इचारला न्हाय. आता तुमचा बी बंद करा, मला सवय हाय." त्यानंतर पारावर तो विषय पुन्हा निघाला नाही. चहा मात्र खरंच बंद झाला.

कोल्हापुरातल्या एका साहित्य मंडळाने त्यांना बोलावून शाल आणि नारळ दिला. बाईंनी भाषणात सांगितलं, शाल सासूबाईंना होईल, नारळ आमटीत जाईल, पण माझ्या एक्केचाळीस पोरींच्या तारखा कोण दुरुस्त करणार ते बोला. अध्यक्षांनी आभार मानून कार्यक्रम संपवला.

एवढं सगळं असून बाईंच्या लेखात एक खोट होती, आणि ती त्यांना स्वतःलाच सलत होती. प्रत्येक लेखात 'एका शिक्षिकेने' असं यायचं. ती शिक्षिका कोण, हे कुठेच नव्हतं.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात अदिती त्यांच्या खोलीवर आली. बारावीची परीक्षा दिलेली, नर्सिंगला जायचं म्हणणारी, कागदावर एक जूनला अठरा पूर्ण होणारी आणि खरी सोळा वर्षं चार महिन्यांची. लग्न चार जूनला ठरलं होतं. पोर रडली नाही की पाया पडली नाही.

"ताईच्या येळंला गप बसलासा," ती म्हणाली. "माझ्या येळंला काय करणार हाईसा?"

बाईंनी त्याच दुपारी निवेदन लिहिलं. अदितीची जन्मतारीख मी, मेहमुदा नदाफ, अंदाजाने आणि खोटी घातली आहे. भैरवीचीही मीच घातली होती. खाली सही. एक प्रत ग्रामसेवकाला, एक तालुक्याच्या शिक्षण कचेरीत. शाळेचा दाखला पक्का धरला जातो. त्यावर शंका घ्यायला जागा झाली तरच मुलीची वैद्यकीय तपासणी होऊन खरं वय निघतं, आणि ती जागा हे निवेदन करणार होतं. फोनवर नवऱ्याला सांगितलं. अल्लाउद्दीन म्हणाला, "गेली नोकरी तर गाद्या भरूया. तुझ्या अब्बाची पिंजण अजून माळ्यावर हाय."

कचेरीने आधी नोटीस काढली ती बाईंनाच. तीस मेला चौकशीला बोलावलं. चौकशी करणारे साहेब दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होते. टेबलावर निरोप समारंभाच्या पत्रिका पडल्या होत्या आणि शिपाई नारळ मोजत होता. जाता जाता गळ्यात हे लोढणं कुणाला हवं असतं? साहेबांनी कागद तयारच ठेवला होता. निवेदन भावनेच्या भरात दिलं, ते मी मागे घेते, असा. सही करा, फाईल बंद, तुमची नोकरी शाबूत. बाळासो भिंतीला टेकून उभे होते, आणि लग्न अडवलं म्हणून इतके दिवस ओरडणारा तो माणूस त्या कागदाकडे बघून पहिल्यांदा निवांत झाला होता.

बाईंनी कागद वाचला, परत सरकवला. सही करणार नाही म्हणाल्या. साहेब वैतागले. शाळेच्या रजिस्टराला काही अर्थ आहे की नाही? पोरीचा हात कानाला लागला होता ना, मग ती सहा वर्षांचीच असणार. शंभर वर्षं शाळा असंच करत आल्या, त्या सगळ्या खोट्या आणि तुम्ही एकट्या खऱ्या का?

तेवढ्यात दार ढकलून भैरवी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सासरहून दोन एसट्या बदलून आली होती, कडेवर दुसऱ्या खेपेची पोर. वडिलांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. पोरीला खाली उभं केलं आणि पिशवीतून दवाखान्याचा जन्मदाखला काढून साहेबांपुढे ठेवला. डिसेंबर दोन हजार अठरा. साडेचार वर्षं.

"बाळा," ती पोरीला म्हणाली, "डोक्यावरनं हात घे आणि कान धर."

पोरीला खेळ वाटला. तिने उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान मुठीत धरून साहेबांकडे बघून हसली.

"हात पोचला न्हवं?" भैरवी म्हणाली. "लिवा हिला बी सहा वर्साची. म्हंजे मी जशी गेले तशी ही बी जाईल."

शिपाई नारळ मोजायचा थांबला. बाळासो नातीच्या त्या हाताकडे बघत राहिले आणि मग खाली बसले, जमिनीवरच. मला त्या माणसाची कीव येत नाही, पण तो बसला, हे सांगायला हवं.

साहेबांनी जन्मदाखला दोनदा वाचला. मग समोरची आपल्याच निवृत्तीची पत्रिका उचलली. एक जूनला जन्मलेला नोकरदार एकतीस मेला निवृत्त होतो, हे त्या खोलीत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"माझी आई म्हणायची मी दिवाळीचा," साहेब हळूच म्हणाले. "आमच्या गुरुजींनी बी कान धराय लावलावता."

त्यांनी तयार कागद फाडला, बाईंचं निवेदन काढलं आणि त्यावर शेरा लिहिला. जन्मतारीख संशयास्पद, मुलीच्या वयाची वैद्यकीय तपासणी व्हावी. त्या शेऱ्यावर पुढे अदितीची तपासणी झाली, वय अठराच्या आतच निघालं आणि चार जूनचा मांडव तीन जूनला उतरला. बाईंचं सहा महिने निलंबन झालं. त्या सहा महिन्यांत त्यांनी पुस्तक लिहून काढलं, आणि त्यात 'एका शिक्षिकेने' हे शब्द कुठे नाहीत. त्या जागी सगळीकडे 'मी' आहे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी साहेबांनी सही करून पेन मिटलं आणि सांगितलं, बाई, तुमच्यावर कारवाईचा आदेश निघणार, ते आता माझ्या हातात राहिलं नाही.

बाईंनी पोरीचा कान सोडवला, तिला कडेवर घेतलं आणि निवेदनाच्या आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का मागितला.

"निघू दे की, साहेब," त्या म्हणाल्या. "फकस्त त्याच्यावर तारीख तेवढी खरी घाला."